रुपी हिलमचा अर्ज

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक आश्रमशाळा आहे. रुपी हिलम तिथे कामाठी होती. झाडलोट करायची, पाणी भरायचं, चारशे मुलांची भाजी चिरायला बसायचं, माणूस आत बसेल एवढाली पातेली घासायची, आणि एखादी लहान पोर तापली तर तिला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठायचा, हे तिच्या नेमणुकीच्या कागदावरचं काम. कागदावर नसलेलं काम संध्याकाळी पाचला सुरू व्हायचं. हात पदराला पुसत ती शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर यायची, साडी वर खोचायची, गळ्यात शिट्टी अडकवायची, आणि तिथून पुढे दोन तास तिला कुणी मावशी म्हणायचं नाही. स्वयंपाकघरात ती मावशी, मैदानावर ती बाई. हा नियम तिने केलेला नव्हता. मुलींनीच कधीतरी आपणहून सुरू केला, आणि रुपीने तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण पहिल्यांदा 'बाई' अशी हाक आली त्या दिवशी तिच्या हातून शिट्टी दोनदा चुकीची वाजली होती.

ती कातकऱ्याची. बापाला जमीन कधी नव्हतीच. दिवाळी झाली की आईबाप भट्टीवर विटा पाडायला जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. रुपी याच शाळेत शिकली. ती आठवीत असताना मुंबईच्या एका ट्रस्टने शाळेला मैदान करून दिलं. शाळेने कबड्डीचं मागितलं होतं, आलं बास्केटबॉलचं. देणाऱ्याला जे आवडलं ते आलं. ट्रस्टने नाशिकहून एक प्रशिक्षकही पाठवला. दोन उन्हाळे तो आला, तिसऱ्या उन्हाळ्यापासून आला नाही. ट्रस्टलाही नंतर दुसरं काहीतरी आवडू लागलं असणार. पण त्या दोन उन्हाळ्यांत रुपीने जे उचललं ते कायमचं उचललं.

बारावी झाली, लग्न झालं. नवरा मुकेश जव्हार-मोखाडा जीप चालवायचा. रुपी त्याच शाळेत कामाठी म्हणून परत आली तेव्हा मैदानावरच्या बास्केटच्या दोन्ही कड्या गंजल्या होत्या आणि खांबाला दोरी बांधून वसतिगृहाचे कपडे वाळत घातले होते. तिने आधी दोरी सोडली.

खेळाचे शिक्षक उमेश सर. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एकदा तिला मुलींना चेंडू कसा धरायचा ते दाखवताना पाहिलं आणि सरळ म्हणाले, "रुपी, मला यातलं काही कळत नाही बघ. तू शिकव. सह्या मी करतो."

"चालेल की सर," रुपी म्हणाली.

हे 'चालेल' बारा वर्षं चाललं. मुली आधी तालुक्याला जिंकल्या, मग जिल्ह्याला, मग विभागाला, आणि तीन वेळा राज्याला जाऊन आल्या. प्रत्येक प्रवेशिकेवर 'मार्गदर्शक' म्हणून उमेश सरांचं नाव असायचं. मुलींच्या बरोबर रुपीही जायची, 'सोबत महिला कर्मचारी' म्हणून. सर बाकावर बसून चहा प्यायचे, रुपी रेषेबाहेर उभी राहून ओरडायची. पंच तिला मागे सरकायला सांगायचे.

तिच्या हाताखालची सगळ्यांत चांगली पोर म्हणजे साखरशेतची प्रगती भोये. डावखुरी. सर म्हणाले होते, हिला उजवा हात शिकव. रुपी म्हणाली, "राहू द्या सर. समोरचीला डावी पोर कळेपर्यंत अर्धा सामना संपतो." तसंच झालं. प्रगती, मोखाड्याकडची दिपिका आणि आणखी तिघी अशा रुपीच्या पाच मुली, शाळा सोडल्यावर दोन-तीन वर्षांनी, एका व्यावसायिक संघात घेतल्या गेल्या.

हा संघ नवाच होता. वसईकडच्या एका बिल्डरने मुलींच्या लीगमध्ये उतरवला होता. नाव ठेवलं 'सह्यकन्या', आणि जर्सीवर वारली चित्रांतली नाचणारी माणसं छापली. बारा मुली, पाच इकडच्या डोंगरातल्या, सात मुंबई-पुण्याच्या. सगळ्यांत मोठी तेवीस वर्षांची. कॅप्टन केली प्रगतीला. पहिल्या वर्षी दहा सामने झाले, त्यातले आठ हरले. त्यांचे मुख्य प्रशिक्षक मोसम संपण्याआधीच दुसरीकडे निघून गेले.

सप्टेंबरात एका दुपारी रुपी तांदूळ निवडत होती, तेव्हा दिपिकाचा फोन आला.

"बाई, नवीन कोच पाहिजे आमच्याकडं. अर्ज मागवलेत. तुम्ही करा ना अर्ज."

"मी? येडी झालीस काय गं?"

"आम्हांला खेळाय तुम्हीच शिकवलं. दुसरं कोण? हे लोक पाटीवर बाण काढतात नुस्ते. आमच्या पोरी त्यांना कळत नाय नि त्यांच्या पोरी आम्हांला."

"प्रगती काय म्हणते?"

"ती अंघोळीला गेलीय," दिपिका म्हणाली.

रुपीने फोन ठेवला आणि तांदूळ तसेच सोडून मैदानावर जाऊन उभी राहिली. तिला हसू येत होतं. आपण असलं काही मनात आणू शकतो याचंच तिला नवल वाटत होतं. संध्याकाळी मुकेशला सांगितलं तर तो म्हणाला, "कर. नाय म्हणाले तरी तू कामाठी हायेसच."

अर्जाबरोबर अनुभवाचा दाखला हवा होता. ती उमेश सरांकडे गेली. त्याच वर्षी सरांना जिल्ह्याचा गुणवंत क्रीडा मार्गदर्शक म्हणून पुरस्कार मिळाला होता. खुर्चीमागच्या भिंतीवर शालीतला फोटो लावलेला होता. सरांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"सर, मी बारा वर्षं पोरींना शिकवलं, एवढं फक्त लिहून द्या."

सरांनी चष्मा काढला. "रुपी, मी नाकारतोय का? सगळ्या शाळेला माहीत आहे."

"शाळेला माहीत हाय. त्यांना कागद लागतो."

"अगं, पण मी तसं लिहिलं तर उद्या कुणीतरी मला विचारेल ना, की मग तुम्ही काय करत होता? माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे." त्यांचा आवाज खरोखरच अजिजीचा होता. "असं करतो, चांगलं लिहून देतो. आणि कुणाचा फोन आला तर तोंडी सगळं सांगतो. शब्द आहे माझा."

त्यांनी पाकीट चिकटवून दिलं. रुपीने ते जीपमध्ये फोडलं. आत लिहिलं होतं: 'सदर कर्मचारी क्रीडासाहित्याची देखभाल व खेळाडूंची ने-आण या कामी मनापासून सहकार्य करीत असतात.' खाली सही, शिक्का. शिक्का मात्र अगदी ठसठशीत उठला होता.

तिने तो दाखला जोडलाच नाही. जव्हारच्या एका सायबर कॅफेत बसून तिने अर्ज भरला आणि अनुभवाच्या जागी बारा वर्षांतल्या सत्तेचाळीस मुलींची नावं लिहिली. गाव, कोणत्या वर्षी खेळली, कुठपर्यंत गेली. कॅफेवाला म्हणाला, "ताई, हे असं नसतं लिहायचं." ती म्हणाली, "असू दे. टाईप कर."

आणि तिला बोलावणं आलं.

वसईजवळच्या क्लबात लाकडी फरशीचा हॉल होता. उमेदवार तीन. एक बंगळुरूकडून आलेले, एक परदेशात दोन वर्षं राहून आलेले, आणि रुपी. संघाचा व्यवस्थापक धनेश म्हणून होता, तरतरीत, गोड बोलणारा. त्याने सांगितलं की प्रत्येकाने संघाचा चाळीस मिनिटं सराव घ्यायचा, मग समितीपुढे बोलायचं. समिती म्हणजे मालक, धनेश आणि एक निवृत्त खेळाडू.

रुपीची पाळी शेवटची होती. आधीच्या दोघांचे सराव तिने बाकावर बसून पाहिले. दोघेही हुशार होते, ते तिला कळत होतं. पण तिला आणखी एक गोष्ट दिसत होती. शहरातल्या मुली चेंडू शहरातल्या मुलींनाच देत होत्या. दिपिका कडीखाली मोकळी उभी राहायची, हात वर करून, आणि चेंडू लांबच्या लांब फिरून जायचा.

ती मैदानात उतरली. कुणीतरी बाजूला फसकन हसलं. रुपीने तिकडे पाहिलं नाही. तिने दोघींना राखीव ठेवून पाच-पाच जणींचे दोन गट केले, दोन्हींत सरमिसळ करून, आणि सांगितलं, "चेंडू जमिनीवर आपटायचा नाय. एकदापण नाय. आणि पाची जणींच्या हाताला लागल्याशिवाय कडीत टाकायचा नाय. टाकला तरी मोजायचा नाय."

पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. एक उंच पुणेकर मुलगी चिडून म्हणाली, "हा काय लहान मुलांचा खेळ आहे?" रुपी म्हणाली, "हा. मग जमत का नाय तुला?" ती मुलगी लाल झाली आणि पुढच्या वेळी पळाली. पंधराव्या मिनिटाला चेंडू चौघींच्या हातून गेला. विसाव्या मिनिटानंतर हॉलमध्ये फक्त बुटांचे आवाज आणि नावांच्या हाका उरल्या. दिपिका, सायली, प्रगती, इकडे, दे, दे! चेंडू जमिनीला न लागता फिरत होता, आणि त्या पुणेकर मुलीने मागे न बघता दिपिकाला चेंडू दिला तेव्हा तो बरोबर तिच्या हातात पडला. निवृत्त खेळाडू खुर्चीतून उठून रेषेपर्यंत आला होता. रुपीने शिट्टी वाजवली तेव्हा मुली थांबायला तयार नव्हत्या. प्रगती सोडून. तिने चेंडू काखेत मारला आणि सरळ पाण्याच्या बाटलीकडे गेली.

समितीपुढे मालकांनी विचारलं, "तुमची सिस्टिम कोणती?"

"पाय," रुपी म्हणाली.

"म्हणजे?"

"आधी पाय साहेब. हात मागून येतात. तुमच्या निम्म्या पोरी उभ्या जागी खेळतात."

निवृत्त खेळाडू हसला आणि त्याने मान हलवली. धनेशने विचारलं, सामन्यांच्या व्हिडिओचं विश्लेषण करता येतं का, पत्रकारांशी इंग्रजीत बोलता येईल का. रुपी म्हणाली, नाय, पण पहिलं शिकता येईल. दुसऱ्याचं सांगता येत नाही. तिला बाहेर बसायला सांगितलं. मग कॅप्टनला आत बोलावलं. प्रगती तिच्यासमोरून आत गेली आणि दहा मिनिटांनी बाहेर आली. तिने रुपीच्या पायांना हात लावला, "येते," म्हणाली आणि गेली. रुपीला वाटलं, पोर लाजली.

परतीच्या एस.टी.त रुपी जागीच होती. मनोर गेलं, विक्रमगड गेलं. ती संघाला दोन महिन्यांत काय काय करता येईल ते मनात मांडत होती. त्या उंच पुणेकर सायलीला कडीखाली आणायचं. दिपिकाच्या डाव्या गुडघ्यावर भार कमी टाकायचा. असं सगळं.

पाचव्या दिवशी धनेशचा फोन आला. रुपी पातेलं घासत होती. तिने हात न धुताच फोन घेतला.

"मावशी, तुमचा सेशन सगळ्यांना फार आवडला हं. एकदम नॅचरल! पण कोच म्हणून बंगळुरूचे सर फायनल झालेत."

"बरं," रुपी म्हणाली.

"पण तुमच्यासाठी आमच्याकडे जागा आहे. मुलींच्या हॉस्टेलवर एक प्रेमळ बाई हवीच होती. जेवणखाण, आजारपण, घरच्यासारखं. ही आयडिया खरं तर तुमच्या प्रगतीचीच. ती म्हणाली, 'मावशी खूप चांगल्या आहेत, पण कोच म्हणून नको. मुलींची काळजी मात्र त्यांच्याइतकी कुणी घेणार नाही.' बघा, किती जीव आहे!"

रुपीने विचारलं, "ती मावशी म्हणाली?"

"हो, म्हणजे... काय?"

"काय नाय," रुपी म्हणाली आणि फोन ठेवला. पातेल्याला राख तशीच लागलेली होती. तिने ते घासून पुरं केलं, मग पुढचं घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत प्रगती भातकापणीला साखरशेतला आली आहे असं मुकेशने सांगितलं. रुपी त्याच्याच जीपने गेली. प्रगती खळ्यावर भारे रचत होती. वडिलांनी ओटीवरूनच "या," म्हटलं, पण उठले नाहीत. कातकऱ्याच्या बाईसाठी ते आधीही कधी उठले नव्हते.

"बाई, बसा," प्रगती म्हणाली.

"बसाय नाय आले. का सांगितलंस ते सांग."

प्रगतीने हातातला भारा खाली ठेवला. तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं.

"त्या पोरी आम्हांला काय म्हणतात माहीत हाय तुम्हांला? जेवायला बसलो की म्हणतात, यांना पातेल्यातच वाढा. मीच एकदा मुलाखतीत सांगितलं होतं, आमच्या बाई शाळेत भांडी घासतात नि आम्हांला खेळवतात. मला वाटलं, केवढं मोठं सांगतेय मी! दुसऱ्या दिवसापासून मी कॅप्टन राहिले नाय, भांडीवाल्या बाईची पोर झाले. आता कुठं वर्षभराने जरा ऐकतात माझं. तुम्ही कोच म्हणून आल्या असत्या तर मी परत तिथंच."

"त्या दिवशी खेळल्या की त्या. सगळ्या."

"चाळीस मिनटं खेळल्या, बाई. संध्याकाळी तुमची नक्कल करून हसल्या. साडी खोचून." प्रगतीचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "दिपिका रडली. मी नाय रडले. मला तिथं राहायचंय."

रुपीला बरंच बोलायचं होतं. जीपमध्ये तिने सगळं जुळवून आणलं होतं. पण समोरची पोर खरं बोलत होती.

"मग मला वाढाय का बोलावलंस तिथं?" एवढंच ती म्हणाली. "त्यांच्या पातेल्यातलं मी वाढलेलं चाललं असतं तुला?"

प्रगतीने भारा पुन्हा उचलला. रुपी निघाली. मागून वडिलांचा आवाज आला, "चहा तरी घ्या." त्यांनी 'घ्या' म्हटलं होतं, पण कप काही बाहेर आला नाही.

सुट्टी संपून शाळा भरली. संध्याकाळी पाचला मुली मैदानावर आल्या आणि उभ्या राहिल्या. रुपी स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर बसून लसूण सोलत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी उमेश सर आले.

"अगं, विभागीय स्पर्धा आठ दिवसांवर आल्या."

"मार्गदर्शक तुम्ही आहात ना सर. पुरस्कार पण हाय. मी ने-आण करते फक्त. सांगा, कधी न्यायच्या?"

सरांचा चेहरा उतरला. ते आल्या पावली परत फिरले. स्पर्धेला त्यांनीच मुली नेल्या. रुपी 'सोबत महिला कर्मचारी' म्हणूनसुद्धा गेली नाही. मुली पहिल्याच सामन्यात पन्नासच्या वर गुणांनी हरल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी जेवताना मान वर केली नाही. रुपीने भात वाढला. तिला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही. हरायला सर हरले नव्हते, ह्या हरल्या होत्या.

त्यात रविना नव्हती. वांगणीची ही नववीतली मुलगी उंच होती, लांब हातांची, आणि रुपीने तीन वर्षांपासून तिच्यावर लक्ष ठेवलं होतं. प्रगतीपेक्षाही मोठी होईल असं ती मुकेशला म्हणायची. रविना सुट्टीनंतर आलीच नव्हती. असं कुणी आलं नाही की रुपी एरवी त्याच संध्याकाळी जीप धरायची, घरी जायची, ओटीवर ठिय्या मारायची आणि पोर घेऊनच परत यायची. कामासाठी बाहेर पडणारी घरं पोरींना बरोबर नेतात, धाकट्यांना सांभाळायला आणि मातीला हात लावायला. हे तिला कुणी सांगायला नको होतं. या वेळी मुलींनी येऊन सांगितलं, "बाई, रविना नाय आली." रुपी म्हणाली, "मग मी काय करू? वर्गशिक्षकांना सांगा."

मुली हरून आल्या त्या दिवसापासून तिला झोप नीट लागेना. आणखी दोन दिवस तिने स्वतःशी भांडण्यात काढले. तिसऱ्या दिवशी सकाळीच रजा टाकून ती निघाली. वावर गावापर्यंत जीप, पुढे रस्ता उखडलेला म्हणून चालत. वांगणीत रविनाच्या घराच्या दाराला बाहेरून काटेरी फांदी लावलेली होती. शेजारची पुतळी म्हातारी अंगणात नाचणीची कणसं झोडत होती.

"कोनला बघतेस?"

"रविनाला. शाळेतून आले."

"गेली ना ती लोकां. मुकादमाची गाडी आली, बसली, गेली." म्हातारीने काठी खाली ठेवली. "पोर्गी वाट बघं तुमची. रोज सांगं, बाई येल, बाई येल. काल सकाळचे गेली."

"कुठल्या भट्टीवर?"

"त्या काय मला सांगतील? भिवंडीचे अंगाला, म्हनत व्हते."

मुकेशने पुढचे पंधरा दिवस ओळखीच्या ड्रायव्हरांना विचारलं. रुपी दोन रविवार भिवंडीच्या बाजूला भट्ट्या फिरून आली. तिथे रविनासारख्या खूप मुली होत्या. रविना नव्हती.

सह्यकन्या संघ त्या मोसमात चौथा आला. बंगळुरूच्या सरांचं पेपरात कौतुक झालं. प्रगतीचा फोटो आला, जर्सीवर नाचणारी वारली माणसं. उमेश सरांनी तो कापून शाळेच्या फलकावर लावला.

रुपीने सराव पुन्हा सुरू केला, कारण मुली रोज पाचला येऊन उभ्या राहायच्या थांबल्या नव्हत्या.

रविना जूनमध्ये आईबापांबरोबर परत आली. रुपी तिला भेटायला वांगणीला गेली तेव्हा ती चिखलात उतरून रोपं लावत होती. आणखी उंच झाली होती. हातांना विटांच्या मातीने भेगा पडल्या होत्या.

"चल," रुपी म्हणाली. "वर्ष गेलं तर गेलं. परत नववीला बसू."

रविनाने रोपांची जुडी सोडली नाही. तिने वाकल्या वाकल्याच सांगितलं, "आता नाय, बाई," आणि पुढची ओळ लावायला मागे सरकली.